धुराड्यातला पांढरा बोळा

४ फेब्रुवारी

विषय : इंजिन धूर सोडत नसल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या दिवंगत बंधूंनी माझ्या घराच्या मागल्या खोलीत टेबलभर पसरून ठेवलेल्या रेल्वेचं काळं इंजिन धूर देण्यास साफ नकार देत आहे. रूळ पुसले आहेत. पुढचा दिवा लागतो. चाकं फिरतात. शिट्टीसुद्धा वाजते, आणि ती तर मी मागितलेलीही नाही. धूर मात्र शून्य. सामान्य नागरिकाने सहन तरी किती करायचं?

भाऊजी, पाणी खात्याच्या तक्रार खिडकीमागे बसून मी आजवर लोकांच्या तक्रारी वाचत आले. स्वतः लिहायची ही पहिलीच वेळ. हात चांगला बसलाय ना?

फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. फोनवर आपण काय बोलतो? ‘जेवलात?’ ‘हो. तुम्ही?’ ‘हो.’ मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. त्यापेक्षा कागद बरा, त्याला श्वास नसतो.

तुमच्या दादाच्या या खेळण्याचा मला किती राग होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. जेवणं आटोपली की तो आत जाऊन दार लोटून घ्यायचा. मी इकडे भांडी घासायला घ्यायची. थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून गोडसर धूर सरपटत स्वयंपाकघरात यायचा. मी ओरडायचे, ‘अरे, त्या इंजिनाला फुप्फुसाच्या डॉक्टरकडे ने!’ आतून उत्तर, ‘आज जरा जास्तच ओढतंय!’ पण लेखी म्हणावी अशी तक्रार मी कधी केली नाही, कारण करार होता. डॉक्टरांनी दम भरला आणि त्याने एका दिवसात सिगारेट सोडली. बदल्यात मी इंजिनाच्या धुराबद्दल कटकट करायची नाही. शिवाय त्याला एकट्यालाच शिक्षा झाल्यासारखं वाटू नये म्हणून मी चहातली साखर सोडली. अजून बिनसाखरेचाच पिते. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय, माझ्या एका शब्दावर नवऱ्याने सिगारेट सोडली. लोक नवऱ्याचे दागिने मिरवतात, मी एवढंच मिरवते.

आता त्या वेळेला घरात काहीच होत नाही. एका माणसाची भांडी सुरू होण्याआधीच संपतात. म्हणून म्हटलं, इंजिन चालू करून बघू. मला तो वास हवा आहे, बाकी काही नको.

कारण कळवा, उपाय कळवा. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे’ असं लिहू नका. त्याचा अर्थ काय होतो ते मला चांगलं माहीत आहे.

आपली विश्वासू,
वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

तक्रार पोचली, आणि सही करावीशी वाटावी इतकी छान होती. मी पडलो दातांचा डॉक्टर. दिवसभर माझ्याशी बोलू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात माझीच बोटं असतात. पुरं वाक्य वाट्याला येणं म्हणजे चैन.

पहिला प्रश्न : इंजिनात तेल घातलंत का? हसू नका. धूर आपोआप येत नाही. धुराड्याच्या खाली एक छोटी पितळी डबी असते, तिला आम्ही छंदवाले स्मोक युनिट म्हणतो. डबीत काचेच्या धाग्यांचा एक बोळा असतो, दिसायला कापसासारखा. त्यातून केसाएवढी तार जाते. बोळा तेल पितो, तार तापते, तेलाचा धूर होतो. सगळी गंमत एवढीच. कोरडं चालवलं तर बोळा करपून काळा पडतो आणि तारही जाते. म्हणून आधी तेल.

तेल तुमच्या घरातच आहे. दादाच्या वाढदिवसाला दरवर्षी एक बाटली मीच पाठवायचो, निळ्या झाकणाची. तो लगेच लिहायचा, ‘तुझं तेल झकास, खोली भरून जाते.’ टेबलाच्या ड्रॉवरमध्ये उरलीसुरली सापडेल. ड्रॉपरने धुराड्यात चार-पाच थेंब घाला, जास्त नको. इंजिनाच्या पोटाखाली एक बारीक कळ आहे, ती सरकवा. कधीकधी धुराड्यात बुडबुडा अडकतो, तेव्हा तोंड जवळ नेऊन हलकी फुंकर मारायची. मग थोडं थांबायचं. तार तापायला वेळ लागतो.

इकडचं विचाराल तर ठीक. तुमची जाऊ गेल्यापासून (गेली म्हणजे तिच्या बहिणीकडे, कायमची; तुम्हाला माहीतच आहे) मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो. एकट्यासाठी खुर्ची ओढली की फार आवाज होतो.

काय झालं ते कळवा.

तुमचा,
दातवाला

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा भाऊ किती चिक्कू होता याचा पुरावा हाती लागला आहे. ड्रॉवर उघडला तर तुम्ही पाठवलेल्या सगळ्या बाटल्या ओळीने उभ्या, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तशा. एकीचंही सील फोडलेलं नाही! नवा शर्ट जुना फाटेपर्यंत कपाटात ठेवणारा माणूस. नवा साबण, जुना बोटाच्या नखाएवढा होईपर्यंत. तेलाचंही तेच केलं असणार. नोकरीत नकाशे काढणारी माणसं अशीच असतात का हो? शाई सांडेल म्हणून नदीसुद्धा जपून काढतात.

एक बाटली फोडली. मनात म्हटलं, रागावू नकोस, तुझ्याच इंजिनाला घालतेय. पोटाखालची कळ इतकी घट्ट बसली होती, जणू कारखान्यातून आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. काट्याच्या टोकाने सरकवली. थेंब मोजून घातले. वाट पाहिली. काही नाही. मग हलकी फुंकर मारली. तुमची ‘हलकी’ आणि माझी ‘हलकी’ यांत बराच फरक असावा, कारण बरंचसं तेल उलटून माझ्या चष्म्यावर आलं. अर्धा तास घर धूसर दिसत होतं. माझ्या आयुष्यात धूर म्हणून जे काही झालं ते तेवढंच.

मला एक कळत नाही. तुमचं तेल त्याने वापरलं नाही, मग इतकी वर्षं धूर काढला कशाचा? दुसरीकडून तेल आणायचा का? तुम्हाला काही बोलला होता?

वहिनी

६ मार्च

वहिनी,

उशीर झाला. इकडे अक्कलदाढांचा हंगाम होता.

दुसरं तेल वापरत असेल, शक्य आहे. जुन्या छंदवाल्यांना आपलं आपलं मिश्रण करायची खोड असते. त्याने मला तसं कधी सांगितलं नाही, पण मला सगळंच सांगायचा असंही नाही.

वाटलं तर असं करा, इंजिन नीट गुंडाळून माझ्याकडे पाठवून द्या. मी इथे उघडून बघतो. तुम्हाला उगाच त्रास.

तरीही स्वतःच बघायचं असेल तर इंजिन उलटं करून एखाद्या मऊ टॉवेलवर ठेवा. खाली चार स्क्रू आहेत. वरचं कवच उचललं की धुराड्याच्या खाली ती डबी दिसेल. तिचं झाकण चिमट्याने काढा. आतला बोळा बोटाने चिवडू नका, काचेचे धागे टोचतात. फक्त बघा. बोळ्याचा रंग कोणता आहे आणि डबीकडे जाणाऱ्या दोन वायरी जागेवर आहेत का, एवढं कळवा.

घाई मुळीच नाही. राहून गेलं तरी चालेल.

दातवाला

१३ मार्च

भाऊजी,

इंजिन पाठवून द्या म्हणे! उद्या म्हणाल, घरच पाठवून द्या, इथे उघडून बघतो. माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे, सुटीचा दिवस आहे, आणि मला दुसरं काही काम नाही.

उघडलं. चारांतला एक स्क्रू उडाला तो अजून घरातच कुठेतरी आहे. पायाला टोचेल तेव्हा कळेल. डबीचं झाकण निघालं. बोळा पांढराशुभ्र! गोळ्यांच्या बाटलीत वर कापूस घालतात ना, तसा. माझ्या तेलाचे थेंब तेवढे मधोमध दिसत होते. करपल्याचा डाग नाही, काही नाही.

आणि वायरी. एक जागेवर आहे. दुसरी कापलेली. तुटलेली नाही, नीट कापलेली. तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, इतकी सुबक की वळशावर वळसा बरोबर बसलाय. त्याचाच हात. मी ती पट्टी किती वेळ बघत बसले कोण जाणे.

मग उलगडा झाला. तो हॉस्पिटलात गेला त्या दिवशी याच खुर्चीतून उठून गेला. मी आत आले तेव्हा टेबलावर त्याचा चिमटा पडलेला होता, दोन्ही पाय फाकून. मी तेव्हा तो उचलून ठेवला आणि विसरून गेले. तो इंजिन दुरुस्त करत होता, भाऊजी. जुना जळका बोळा काढून त्याने नवा भरला. वायर जोडायची तेवढी राहिली, आणि हॉस्पिटलची गाडी दाराशी आली.

त्याने अर्धं टाकलेलं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हे एवढं एकच. ते मी पुरं करणार. वायर कशी जोडायची ते लिहा. मुकाट्याने लिहा, ‘राहू द्या’ वगैरे नको.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

हो, तसंच असणार. नवा बोळा भरताना वायर वेगळी करूनच ठेवतात.

जोडणं सोपं आहे. पट्टी सोडवा. दोन्ही टोकांवरचं प्लॅस्टिक थोडं सोला. टोकं एकमेकांना पिळा. डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी आणि सोल्डरची, म्हणजे कथलाची, तार कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते. तापलेली कांडी आधी वायरीला लावायची, वायर तापली की सोल्डरची तार वायरीला टेकवायची, म्हणजे ती वितळून आपणच आत शिरते. थेट कांडीवर वितळवून वरून थापलं तर नुसता गोळा बसतो, पकडत नाही. गार झाल्यावर पट्टी परत गुंडाळा.

सुरू झाल्यावर वास कदाचित तुम्हाला आठवतो तसा येणार नाही. तेल वेगळं आहे. मनाची तेवढी तयारी ठेवा.

इकडे विशेष काही नाही. पोस्टमनने परवा विचारलं, ‘डॉक्टर, हल्ली खिडकीत उभे असता?’ म्हटलं, हवेला.

दातवाला

२ एप्रिल

भाऊजी,

धूर आला!

पहिल्यांदा गोळाच बसला, तुम्ही म्हणाला होतात तसला, चघळून टाकलेल्या च्युइंग गमसारखा. दुसऱ्यांदाही. टेबलावरच्या मेणकापडाला एक भोक पडलं, ते मी फुलदाणीखाली लपवलंय. घरात कुणीच नाही तरी लपवलंय. तिसऱ्यांदा सोल्डर आपणहून आत गेलं, आणि भाऊजी, त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला की शेजारी जाऊन सांगावंसं वाटलं. शेजारच्यांचं नाव मला माहीत नाही म्हणून गेले नाही.

कळ सरकवली तर इंजिन आधी थुंकलं. खरंच, धुराड्यातून तेलाचे शिंतोडे. जास्त झालं होतं. कागदाची वळी करून टिपलं. पुन्हा चालू केलं. आधी एक बारीकशी रेघ आली, मग दमदार पांढरा धूर, इतका की पुलाखालून गाडी गेली तेव्हा पूल दिसेना. मी टाळ्या वाजवल्या. एकटीने वाजवलेल्या टाळ्या किती विचित्र ऐकू येतात, कधी करून बघा.

मग दार लोटलं, स्वयंपाकघरात आले, एक कप धुवायला घेतला आणि वाट पाहिली.

फटीतून धूर आला. पण वास तो नाही. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा कसलासा, तोही पुसट. कप तीनदा धुतला. नाही आला.

तेव्हा त्याचं ते मिश्रण कसलं होतं, ते शोधून काढाच. काहीतरी गोडसर, किंचित जळकं, सुकवलेल्या पानांसारखं. तुमच्या ओळखीत छंदवाले असतील, विचारा. मशीन चालू झालंय, आता तेल हवं. एवढ्यावर अडायला नको.

वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

सोबतच्या खोक्यात चार बाटल्या आहेत. एक दगडी कोळशाच्या वासाची, एक देवदाराची, एक कॉफीची, आणि एकीवर ‘जुना काळ’ असं लिहिलंय, त्याचा वास कसा असतो ते मलाही ठाऊक नाही. दुकानदार म्हणाला, यांतली कोणतीतरी असेलच.

एका वेळी एकच वापरा. बाटली बदलताना आधीचं तेल पूर्ण संपू द्या, पण बोळा कोरडा होईपर्यंत नको.

एकही जुळली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. वासाचं असंच असतं, आठवणीत तो वाढत जातो.

दातवाला

९ मे

भाऊजी,

चारही बाटल्या वापरून झाल्या. कोळसा, देवदार, कॉफी, जुना काळ.

तुमच्या दादाचा करडा कोट मी माझ्या मापाचा करून घ्यायचं ठरवलं, म्हणून काल आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या शिंप्याकडे गेले. इतकी वर्षं याच जिन्याने येते-जाते, पण त्याच्या दुकानात पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती; कपड्यांची कामं तुमचा दादाच खाली घेऊन जायचा. शिंपी माझ्या खांद्याचं माप घेत होता. घेता घेता त्याने टेबलाच्या कडेला ठेवलेली सिगारेट उचलली आणि एक झुरका मारला. पातळ, तपकिरी कागदाची, कसल्यातरी गोड तंबाखूची. गोडसर, किंचित जळका, तोच वास. तुमचा दादा पूर्वी ओढायचा ती वेगळी, तिचा वास मी झोपेतही ओळखला असता.

मला एकच विचारायचं आहे. तुम्हाला कधी कळलं?

उत्तर मुदतीत अपेक्षित.

१४ मे

वहिनी,

संशय आला तो बाटल्यांची सीलं शाबूत आहेत असं तुम्ही लिहिलंत तेव्हा. कळलं, तुम्ही बोळा पांढरा आहे म्हणालात तेव्हा. ज्या इंजिनाने खोली भरून धूर काढला त्याचा बोळा पांढरा राहत नाही. ते युनिट एकदाही तापलेलं नव्हतं. वायर त्याने मुद्दाम कापली असणार. कळ चुकून सरकली आणि कोरडा बोळा जळला तर इंजिन बिघडेल म्हणून. इंजिनाच्या फुप्फुसांची काळजी घ्यायला तो विसरला नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. लिहायलाही बसलो होतो. पण तुम्ही लिहिलं होतंत, त्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करणार. त्या वाक्यापुढे माझं पेन बंद पडलं. खोटे दात बसवणं माझा धंदा आहे, वहिनी. समोरचा माणूस हसला की मी खरेखोटे बघत नाही. तसंच हेही केलं. आणि मग त्या बाटल्या पाठवत बसलो. ‘जुना काळ’ पाठवताना लाज वाटली, पण पाठवली.

मलाही त्याने फसवलंच की. ‘तुझं तेल झकास.’ मी दरवर्षी दुकानात उभा राहून ती बाटली निवडायचो. त्याच्या खोलीत माझं काहीतरी रोज जळतंय, असं वाटायचं मला. बरं वाटायचं.

त्याने असं का केलं ते विचारू नका, मला माहीत नाही. सिगारेट खरंच सोडली असती तर तो आणखी राहिला असता का, हेही विचारू नका. माझा अभ्यास जिभेपाशी संपतो.

रागवा. हवं तेवढं रागवा. फक्त लिहून रागवा.

तुमचा,
दातवाला

२८ जून

भाऊजी,

तुमची तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही. आमच्या खात्याचा नियम आहे, तक्रारदार ओरडत असताना उत्तर द्यायचं नाही. इथे तक्रारदारही मी आणि खातंही मी, त्यामुळे वेळ लागला.

पत्र वाचलं त्या दिवशी आधी चहा केला आणि त्यात दोन चमचे साखर घातली. म्हटलं, करार मोडला ना, मग मोडला. एक घोट घेतला आणि ओतून दिला. गुळमट, चिकट, नको नको ते. त्या माणसाने माझी साखरसुद्धा नेली. मग मागच्या खोलीला कुलूप लावलं. ऑफिसात एका बाईने डबा द्यायला आलेल्या तिच्या नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, ‘यांच्या मिस्टरांनी बघ, एका दिवसात सोडली होती,’ आणि मी तक्रार खिडकीचं दार आपटलं. जेवणाच्या सुट्टीआधीच.

कोट मात्र खालीच पडला होता. शिंप्याने दोनदा निरोप धाडला. शेवटी परवा गेले. मनात ठरवून गेले होते की याला असा झाडायचा की पुन्हा काडी पेटवणार नाही.

म्हटलं, “माझ्या नवऱ्याला सिगारेटी तुम्ही पुरवत होतात.”

तो कोटाला बटण लावत होता. सुई थांबली. “पुरवत नव्हतो, ताई. आमची भागी होती.”

“भागी? दुकानात?”

“पाकिटात. एका खेपेला पाकीट मी आणायचं, एका खेपेला साहेबांनी. आणि रोज एकच काढायची. साहेब कामावरून येताना इथे थांबायचे. मी कात्रीने बरोब्बर मधून कापायचो. अर्धी मला, अर्धी साहेबांना.”

“अर्धी?”

“अर्धीच. मी म्हणायचो, साहेब, घ्या की अख्खी. तर म्हणायचे, नाही हो, मी बायकोला सोडली म्हणून सांगितलंय. अर्धी तरी खरं व्हायला पाहिजे.”

भाऊजी, मी त्याच्या त्या कपड्यांच्या ढिगावर बसले. कुणाची तरी नवी पँट होती, तिच्यावरच.

“आणि थोटकं?” मी विचारलं. म्हणजे बघा, डोकं सुन्न झालं तरी माझ्यातली तक्रार खिडकी चालूच. “घरात कधी एक थोटूक सापडलं नाही.”

“काडेपेटीत घालून दुसऱ्या दिवशी खाली आणायचे. माझ्या कात्रणांबरोबर जायचं.” त्याने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. “मी एकदा म्हटलं, ताईंना सांगून टाका, त्या काय खाणारेत? तर म्हणाले, ‘तुम्हाला ठाऊक नाही. मी आत इंजिन चालू केलं की ती बाहेरून ओरडते. ओरडून झालं की गुणगुणते. मी बरा होतोय असं घरात एकाला तरी वाटायला हवं ना. मला तर वाटत नाही.’”

मी गुणगुणायचे? मला माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत होतं?

शिंप्याने दोरा ओवला, गाठ मारली, बटण घट्ट केलं. आमच्या खात्यात एक ठरलेलं वाक्य आहे : ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता गळती आढळली नाही.’ बहुतेक वेळा पाहणी कुणी केलेलीच नसते. ते दार नुसतं लोटलेलं असायचं, भाऊजी. कडी कधीच नसायची. मी भांडी घासत राहिले.

तर तुमच्या प्रकरणाबद्दल. माफ केलं असं समजू नका, तक्रार प्रलंबित आहे. खोटे दात वगैरे उपमा देऊन सुटता येणार नाही. पण कालपासून खोलीचं कुलूप काढलंय, आणि इंजिन पुन्हा थुंकायला लागलंय. या वेळी जास्त तेलाने नाही. मी टिपून बघितलं. डबीला कुठेतरी चीर गेली असावी असं माझं मत आहे. हे पत्रातून व्हायचं काम नाही. रजा टाका आणि या. इथे जेवायला दोन खुर्च्या आहेत आणि त्या ओढताना होणाऱ्या आवाजाला माझी हरकत नाही. तुमच्या त्या बाटल्याही अजून ओळीनं उभ्या आहेत. वापरायच्या असतील तर तुम्हीच येऊन वापरा.

आता एवढंच राहिलं. कोट घेऊन निघताना शिंपी चाचरत म्हणाला, “ताई, गैरसमज नको, मागायचं म्हणून सांगत नाही. साहेब हॉस्पिटलात गेले तेव्हा पाकीट संपलं होतं. पाळी त्यांची होती. मी मग दुसरं आणलंच नाही बरेच दिवस. अर्धी द्यायला कुणी नव्हतं.”

आज ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबले. पातळ, तपकिरी कागदाची, गोड तंबाखूची, असं सांगावं लागलं, नाव माहीत नव्हतं. दुकानदाराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाकीट दिलं. शिंपी मशीनवर वाकून लांबलचक पडदा शिवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी पाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं, खडू आणि कात्रीच्या मधे. “साहेबांची पाळी,” म्हटलं, आणि जिना चढून वर आले.

तुमची,
वहिनी